मम म्हणा

पंचवटीतल्या कट्ट्यावर परवा वाद पेटला तो एका शब्दावरून. पूजेला बसलं की गुरुजी सांगतात, “मम म्हणा”, आणि आपण “मम” म्हणतो. संस्कृतात मम म्हणजे माझं. मराठीत मात्र ‘मम म्हणणं’ म्हणजे न कळता मान डोलावणं. “भाषेनंच आपला निकाल लावलाय,” एकजण म्हणाला.

पौरोहित्य करणाऱ्या मित्राला हे पटेना. अर्थ कळो न कळो, विधी होतोच, असं त्याचं म्हणणं. हा वाद वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या यास्काच्याही आधीचा आहे. कौत्स नावाचा एक आचार्य म्हणे, मंत्रांना अर्थच नाही, कारण त्यांतल्या शब्दांचा क्रम हलवता येत नाही. यास्कानं ‘निरुक्त’ या आपल्या ग्रंथात उत्तर दिलं: क्रम रोजच्या बोलण्यातही ठरलेला असतो, ‘पितापुत्रौ’ म्हणतातच ना? आपणही आईबाप म्हणतो, बापआई नाही. आणि आंधळ्याला खुंट दिसला नाही, तर तो काही खुंटाचा अपराध नव्हे.

मला वाटतं, खरी मेख संकल्पात, म्हणजे पूजेआधी उच्चारायच्या निश्चयात आहे. मंत्र ठरीव, संकल्प मात्र दर वेळी नवा भरायचा: स्थळ, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र, मग गोत्र, नाव, आणि हे कशासाठी करतोय ते. शेवटी ‘करिष्ये’ म्हणून हातातलं पाणी ताम्हनात सोडायचं. चूक होते ती इथेच. पाठ केलेलं ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’ जुन्या नाशकात बरोबर, पण पंचवटी उत्तर तीरावर. तिथे तेच म्हटलं तर आपण बसलोय एकीकडे आणि पत्ता सांगतोय नदीपलीकडचा!

आणि ‘करिष्ये’च का, ‘करिष्यामि’ का नाही? दोन्हींचा अर्थ ‘करीन’च. कृ (करणे) हा धातू परस्मैपद (करिष्यामि) आणि आत्मनेपद (करिष्ये) अशा दोन्ही पदांत चालतो. फळ करणाऱ्याला मिळणार असेल तर आत्मनेपद, असं पाणिनी सांगतो. ‘यजमान’ हा शब्दही त्याच घडणीचा: स्वतःसाठी यज्ञ करणारा. म्हणजे ज्याचं फळ, त्यानंच ते क्रियापद उच्चारायला हवं. ते गुरुजींवर सोपवून नुसतं ‘मम’ म्हणणं, म्हणजे सही दुसऱ्याला करायला लावणं.

“मग सरळ मराठीत म्हणा, करीन,” पहिला म्हणाला. पण ‘करीन’मध्ये फळ कोणाचं ते कळत नाही, ‘माझ्यासाठी करीन’ असं म्हणावं लागेल. मला त्यात काहीच वावगं वाटत नाही. पौरोहित्यवाला जरा थांबला, मग म्हणाला, “चालेल. फक्त पाणी हातात असतानाच म्हणा.”