दहा गोष्टी, दहा वेगळ्या दुनिया

एकाच संग्रहात फार निरनिराळ्या धाटणीच्या फँटसी कथा असल्या की मुलं गोंधळतात, असं एका लेखात वाचलं; ते मत काही पटलं नाही. मार्गो लानागन या ऑस्ट्रेलियन लेखिकेचा 'ब्लॅक ज्यूस' (२००४) घ्या. दहा कथा, आणि एकीचं जग दुसरीत डोकावतसुद्धा नाही.

पहिलीच कथा अंगावर येते. शिक्षा म्हणून एका मुलीला डांबराच्या तळ्यात हळूहळू बुडू दिलं जातं आणि घरचे तिच्याभोवती बसून गातात, खातात-पितात, तिला निरोप देतात. सांगतोय तिचा धाकटा भाऊ, अगदी साध्या शब्दांत. गुन्हा काय, कायदा कुणाचा, याची लांबलचक माहिती नाहीच. पोरं ती आपणच जुळवतात, त्यांना कमी लेखू नये! या कथेला आणि संग्रहालाही २००५ मध्ये वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला.

पुढे एका कथेत बंदूकधारी चक्क विदूषकांना टिपतात. माझी सगळ्यात लाडकी मात्र हत्तींची. आपल्या माहुताला नेल्यावर हत्ती त्याच्या शोधात निघतात आणि ती गोष्ट हत्तीच सांगतात. भाषाही त्यांचीच, जड पावलांची.

सगळ्याच कथा सारख्या जमल्यात असं नाही. एकदोन मी अर्ध्यावर सोडून पुढे गेले, नंतर परत आले. कथासंग्रहात ती सोय असते, सात खंडांच्या मालिकेत कुठली?

बारा वर्षांच्या आतल्यांना पहिली कथा एकट्याने वाचायला देऊ नका, एवढं मात्र सांगेन. हत्तींपासून सुरुवात करा.