नऊ डॉलरचं बसभाडं आणि ११ सप्टेंबर

परवा रात्री साडेअकराला ताईने एक व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘बघ गं, अंगावर काटा आला. हा तर झोपायलाच तयार नाही.’ हा म्हणजे माझा नववीतला भाचा. दोन मिनिटांचा तो व्हिडिओ त्याने पाच वेळा पाहिला होता आणि आता त्याचं ठाम मत झालं होतं की जगात जे काही घडतं ते कुणीतरी आधीच ठरवून ठेवतं आणि गंमत म्हणून कार्टूनमध्ये दाखवतं.

हा व्हिडिओ तुमच्याकडेही आला असेल. ‘द सिम्प्सन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेने १९९७ सालीच ११ सप्टेंबर २००१ चा, विमानं आदळवून न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पाडणारा हल्ला दाखवला होता, म्हणजे बनवणाऱ्यांना तो माहीत होता, म्हणजे सगळा कट होता, असं त्यात म्हटलंय. इतके ‘म्हणजे’ आणि पुरावा काय, तर एक चित्र.

मुळात तो भाग कशाबद्दल आहे ते व्हिडिओ सांगतच नाही. होमर सिम्प्सनची गाडी त्याचा दारुडा मित्र बार्नी घेऊन जातो आणि न्यूयॉर्कमध्ये, वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दोन मनोऱ्यांमधल्या चौकात सोडून येतो. चाकाला पोलिसांचा जॅमर लागतो, दंडाच्या पावत्या साचतात. होमरला त्या शहराचा मनस्वी तिटकारा, पण गाडी तर आणायलाच हवी. मग सगळं कुटुंब बसने न्यूयॉर्कला जातं. बायको-मुलं शहर बघत हिंडतात आणि होमर जॅमर काढणाऱ्या माणसाची वाट बघत गाडीपाशी बसून राहतो. त्याला जोराची लागते. तो एका मनोऱ्याच्या टोकापर्यंत चढतो, तिथलं स्वच्छतागृह बंद, म्हणून उतरून दुसऱ्या मनोऱ्यात धावतो, आणि नेमका तेवढ्यात तो माणूस येऊन निघून जातो. ज्याने कधी सरकारी खिडकीपाशी ताटकळत दुपार काढली आहे त्याला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. विमान नाही, आग नाही, कुणी मरत नाही.

आता ते चित्र. बसच्या जाहिरातीच्या एका पानावर ‘न्यूयॉर्क, ९ डॉलर’ असं लिहिलंय आणि ९ च्या शेजारी दोन मनोऱ्यांच्या काळ्या आकृत्या आहेत. ९ आणि उभ्या दोन रेघा, झालं ९११, म्हणजे अमेरिकन पद्धतीने नववा महिना, अकरा तारीख. खरं सांगते, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही दचकले होते. योगायोग विचित्र आहे, हे मान्य. त्या काळी मालिकेची धुरा सांभाळणारे बिल ओकली यांनीही तसं कबूल केलंय. पण त्यांनी कारणही सांगितलंय: हसू यावं इतकं स्वस्त भाडं हवं होतं, म्हणून ९. आणि ते मनोरे शेजारी शेजारी उभे होते, दोन्ही एकशे दहा मजल्यांचे. १९७३ साली वर्ल्ड ट्रेड सेंटरचं उद्घाटन झालं तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक पोस्टकार्डावर ११ दिसतच होता. शेजारी ९ कधी येतो एवढीच वाट बघायची होती.

पण मला चीड आली ती ‘त्यांना तारीख माहीत होती’ या वाक्याची. अरे, १९९७ साली ती तारीख खुद्द हल्लेखोरांनाही माहीत नव्हती! अमेरिकेच्या चौकशी आयोगाचा अहवाल जुलै २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तो कुणालाही वाचता येतो, व्हिडिओ बनवणाऱ्यालाही वाचता आला असता. त्यात सगळा क्रम आहे. हल्ल्याचा आराखडा आखणाऱ्या खालिद शेख मोहम्मदने विमानांची कल्पना अल कायदाचा म्होरक्या बिन लादेनपुढे मांडली १९९६ मध्ये. बिन लादेनने तिला होकार दिला १९९८ च्या अखेरीस किंवा १९९९ च्या सुरुवातीला. आणि दिवस? तो विमानं पळवणाऱ्यांचा नायक मोहम्मद अताने ठरवला २००१ च्या ऑगस्टमध्ये, हल्ल्याच्या जेमतेम तीन-चार आठवडे आधी. हा कार्टूनचा भाग २१ सप्टेंबर १९९७ ला प्रसारित झाला. म्हणजे बिन लादेनने ‘हो’ म्हणण्याच्या एक वर्षाहून आधी आणि तारीख ठरण्याच्या जवळजवळ चार वर्षं आधी, एका विनोदी लेखकाने ती बसच्या जाहिरातीत छापून टाकली?

त्याच अहवालातला आणखी एक तपशील मी भाच्याला मुद्दाम वाचून दाखवला. अताने ही तारीख आपल्या साथीदाराला कोड्यातून कळवली: दोन काठ्या, एक तिरकी रेघ आणि एक लॉलीपॉप. म्हणजे ११/९. आपण लिहितो तशी, आधी दिवस आणि मग महिना. ‘नाइन-इलेव्हन’ हा आकडा महिना आधी लिहिणाऱ्या अमेरिकन पद्धतीचा आहे. मारेकऱ्यांच्या कोड्यात लॉलीपॉप शेवटी येतो, व्हिडिओतल्या चित्रात ९ पहिला. भविष्यवाणीच करायची तर निदान मूळ कोडं तरी बरोबर उतरवायचं!

‘मग नेमकं वर्ल्ड ट्रेड सेंटरच का?’ असं व्हिडिओतला आवाज दबक्या सुरात विचारतो. कारण ते न्यूयॉर्कचं सगळ्यात ओळखीचं ठिकाण होतं, बाबा. आणि अतिरेक्यांच्या नजरेत ते आहे हेही तेव्हा गुपित नव्हतं. २६ फेब्रुवारी १९९३ ला त्याच इमारतीच्या तळघरातल्या वाहनतळात गाडीबॉम्ब फुटून सहा जण मेले होते. त्या स्फोटाचा सूत्रधार रमझी युसेफ न्यूयॉर्कच्याच न्यायालयात दोषी ठरला नोव्हेंबर १९९७ मध्ये, हा भाग दाखवल्यानंतर दोनच महिन्यांनी.

पुढचा मुद्दा, ‘हल्ल्यानंतर या भागावर बंदी घातली, म्हणजे काहीतरी लपवायचं होतं.’ अर्धं खरं आहे. हल्ल्यानंतर हा भाग पुनःप्रक्षेपणातून काढला होता. जवळपास तीन हजार माणसं गेल्यावर त्याच मनोऱ्यांत स्वच्छतागृह शोधत धावणारा होमर कुणाला बघवणार होता? दोन मनोऱ्यांतली माणसं खिडक्यांतून एकमेकांवर खेकसतात असाही एक विनोद त्यात होता, तो नंतर काही ठिकाणी कापला गेला. पुढे भाग परत आला आणि २००६ च्या डिसेंबरमध्ये नवव्या पर्वाच्या डीव्हीडी संचात विकलाही गेला. लपवायची गोष्ट कुणी दुकानात मांडतं का?

राहिलं ‘यांचं प्रत्येक भाकीत खरं ठरतं’ हे. ट्रम्प राष्ट्राध्यक्ष झाल्याचा उल्लेख मार्च २००० च्या एका भागात आहे, हे खरं. पण त्याच्या काही महिने आधीच ट्रम्प रिफॉर्म पार्टी या छोट्या पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहण्याची चाचपणी करत होते, वर्तमानपत्रं त्याने भरली होती. आणि ट्रम्प सरकत्या जिन्यावरून खाली येतात ते चित्र? ते २०१५ सालचं, उमेदवारी जाहीर करायला ट्रम्प खऱ्या जिन्यावरून उतरल्यानंतर बनवलेलं. करोनावालं चित्र तर बनावट आहे, बातमीदाराच्या मागची मूळची अक्षरं पुसून तिथे ‘करोना व्हायरस’ चिकटवलंय. मालिका १९८९ पासून चालू आहे, साडेसातशेहून जास्त भाग झालेत, आणि एकेका भागात विनोदांची रांग लागलेली असते. न लागलेल्या नेमांचा व्हिडिओ कुणी बनवत नाही.

हे सगळं रात्री पाऊण वाजता फोनवर बोलत होते. ताई मध्येच म्हणाली, ‘बाई, एवढं कशाला, नुसतं खोटं आहे म्हण ना.’ भाचा मात्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘मावशी, पण त्याला गाडी मिळते का शेवटी?’

मिळते. जॅमरसकट हाकतो, मग ड्रिल मशीनने तो काढायला जातो आणि गाडीचीच वाट लावतो. उरलेला भाग त्याने दुसऱ्या दिवशी बघितला, आणि ताईला म्हणे हसू आवरेना.