कानात बोळे, डब्यात टाळ

"कानात बोळे घातलेत का रे?" हे आमच्या आईचं पेटंट वाक्य. पूर्वी रागाने म्हणायची, आता निव्वळ चौकशी म्हणून म्हणते, कारण खरोखरच घातलेले असतात आणि त्या बोळ्यांना चांगले अडीच हजार पडलेत.

साऊंड आयसोलेटिंग इअरफोन म्हणतात त्याला. बॅटरी नाही, ब्लूटूथ नाही, कसली हुशारी नाही. फोमचं बोंडूक कानाच्या भोकात गच्च बसवायचं की बाहेरचं जग बंद. ऑफिसातली पोरं म्हणतात, अहो सर, नॉइज कॅन्सलिंगवाले घ्या ना. आता त्याचं असं आहे, की त्यातला माइक बाहेरचा आवाज ऐकतो आणि त्याची बरोब्बर उलटी लाट कानात सोडतो, म्हणजे दोघांचं मिळून शून्य. एसीची किंवा विमानाची घरघर असेल तर झकास चालतं, कारण ती एकसुरी असते. बोस या ऑडिओ कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना ही कल्पना सुचली तीच मुळी 1978 मध्ये झुरिकहून घरी परतताना, विमानात. आणि कंपनीचा पहिला हेडसेट यायला 1989 उजाडलं, तोही वैमानिकांसाठी. ते विमानाने चालले होते हो! डोंबिवलीहून सकाळच्या फास्ट लोकलने निघाले असते तर शेजारी भजनी मंडळ असतं, आणि टाळांचा तो खण्णकन येणारा आवाज, त्याची उलटी लाट काढेकाढेपर्यंत पुढचा अभंग सुरू झाला असता. फोमचं गणित उलटं आहे. टाळ, शिट्ट्या, लोकांचे रिंगटोन, असे वरच्या पट्टीतले आवाज तो मस्त अडवतो, खालचा धडधडाट मात्र सीटमधून हाडात शिरून वर येतोच, त्याला इलाज नाही.

आता बसवायचं कसं ते ऐका. बोंडूक चिमटीत धरून वळत वळत बारीक करायचं, ते फुगायच्या आत कानात सारायचं, आणि सारताना कानाचं भोक सरळ व्हावं म्हणून दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा. म्हणजे उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून पलीकडे. मग फोम आत फुगेपर्यंत तसंच धरून थांबायचं, वीस-तीस सेकंद. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून हे करताना माणूस वर्गाबाहेर उभा केलेल्या पोरासारखा दिसतो, समोरचे लोक तर चेहरा पाडून बघतात, याने काय केलं असेल बिचाऱ्याने. थोडी जरी फट राहिली तरी बेस पळून जातो आणि तबल्यातला डग्गा गायब, नुसती चाट वाजत राहते. शिवाय माझे दोन कान दोन मापांचे निघाले, डाव्याला स्मॉल आणि उजव्याला मीडियम. लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार सुटं एक देत नाही, जोडीच घ्या म्हणतो. त्यामुळे घरात एकेकट्या बोंडांची डबी भरत चाललीय.

बरं, एवढं करून नीट बसलं, तानपुरा लागला, की खांद्यावर बोट. टोच टोच. "ओ दादा, ही फास्ट आहे का स्लो?" अख्ख्या डब्यात मोकळ्या कानाची शंभर माणसं उभी असतात, पण विचारायचं मात्र बोळेवाल्यालाच. काढा. फास्ट आहे काका. परत वळा, परत हात डोक्यावरून, परत थांबा, की तेच काका, "मग कुर्ल्याला थांबते ना?"

आणि शांतता मिळाली म्हणाल तर तीही भेसळीचीच. कान आतून बंद झाला की स्वतःचे आवाज बाहेर पडत नाहीत, आतच घुमतात. प्लॅटफॉर्मवर चाललं की प्रत्येक पाऊल धप्प धप्प करत डोक्यात वाजतं. वायर शर्टच्या बटणाला घासली की खर्र खर्र, म्हणून ती चष्म्याच्या काडीसारखी कानावरून मागे घ्यावी लागते. आणि चिवडा तर खाऊच नका, कवटीत कुणीतरी फरशी फोडतंय असं वाटतं.

मग कशाला हा आटापिटा? तर साधे इअरफोन लावले की गाडीच्या आवाजावर मात करायला व्हॉल्यूम वाढवावा लागतो, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते 80 डेसिबल असेल तर आठवड्याला 40 तास, त्याच्या वर गेलात की तास कमी करा. बोळे घातले की निम्म्या आवाजात भागतं. शिवाय ऐकू काय येतं! तानपुऱ्याच्या जव्हारीची ती बारीक झणझण, सम येण्याआधी गायकाने घेतलेला श्वास. जुन्या मैफलींच्या रेकॉर्डिंगमध्ये तर पहिल्या रांगेतला एक गृहस्थ खोकतो तेसुद्धा. म्हणजे बघा, डब्यातला खोकला बंद करायला पैसे मोजले आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा खोकला ऐकत बसलोय, एकदम क्लिअर, डाव्या बाजूने. त्याने काहीतरी औषध घ्यायला हवं होतं राव.

घरी वेगळाच प्रॉब्लेम. आई बाहेर जाताना सांगते, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर. बोळे काढायचे तर ख्याल मध्यावर आलेला. म्हणून मी कुकरसमोर उभा राहून शिट्ट्या डोळ्यांनी मोजतो. शिटी जरा थरथरते, कडेने दोन थेंब येतात, मग एकदम वर उचलली जाते आणि वाफेचा झोत थेट टाइल्सवर. झाली एक. वरणाकडे एवढं टक लावून आमच्या घराण्यात कुणी पाहिलं नसेल.

सगळ्यात जास्त इंटरेस्ट घेतला तो आमच्या काकांनी. त्यांना श्रवणयंत्र आहे, त्याच्या टोकालाही असंच रबरी बोंड. मी त्यांना सांगितलं की महागड्या इअरफोनमध्ये जे बारके स्पीकर असतात, बॅलन्स्ड आर्मेचर, ते मुळात श्रवणयंत्रांसाठीच केलेले. काका खूश. म्हणाले दाखव. यंत्र काढून ठेवलं, मी त्यांचे कान ओढून बोळे बसवले, काकांनी डोळे मिटले, काकू, आई, मी, सगळे तोंडाकडे बघतोय. दोन मिनिटांनी मान डोलावत म्हणाले, "वा! काय सुंदर आहे रे."

मी अजून गाणं लावलंच नव्हतं. फोनमध्ये तेच शोधत होतो.

आता रविवारी आले की मागतात. वायर फोनला जोडायला गेलो तर हात धरतात, म्हणतात राहू दे रे, उगीच बॅटरी जाते.