पट्टा कुत्र्याच्याही सुरक्षेसाठी
सार्वजनिक जागी पट्टा सक्तीचा करणे हा कुत्र्यावर अन्याय आहे, हा एका लेखातील सूर मला पटला नाही. एरवी हाकेसरशी परतणारे कुत्रेही मांजर दिसताच किंवा फटाका वाजताच भान हरपून रस्त्यावर धावते आणि त्या क्षणी मालकाच्या हाती पट्ट्याखेरीज दुसरे काहीच नसते. ‘आमचा काही करत नाही’ असे लांबून ओरडणाऱ्यांना (ते बहुतेकदा खरेही असते) समोरचे बांधलेले कुत्रे भित्रे, आजारी किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेले असू शकते, हे सुचतच नाही. मात्र आपोआप गुंडाळला जाणारा लांब पट्टा वर्दळीत टाळावा. साधा, चार ते सहा फुटांचा पुरतो, आणि ओढणाऱ्या कुत्र्याच्या मानेवर ताण येऊ नये म्हणून तो गळपट्ट्याऐवजी छातीच्या हार्नेसला (छातीभोवती बांधायच्या पट्ट्यांना) अडकवावा.