ड्रायव्हरची कॉलर सोडा, ट्रकचे कागद धरा

नागपुरात वाडी असो, पारडी असो की उमरेड रोड, टिप्परखाली दुचाकी आली की पुढचं सगळं ठरलेलं असतं. गर्दी जमते. ड्रायव्हर सापडला तर चोप खातो, पळाला तर काचा फुटतात, कधी गाडीच पेटते. मग रास्ता रोको, मग पोलीस, मग मालकाचा माणूस. तो बाजूला घेऊन म्हणतो, "आत्ता क्रियाकर्मापुरते पन्नास हजार घ्या, बाकीचं बसून मिटवू." आणि घरचे लोक, डोकं सुन्न झालेलं असताना, एका कागदावर सही करून मोकळे होतात.

राग समजतो. पण त्या ड्रायव्हरच्या खिशात तुम्हाला द्यायला काहीच नसतं. पैसा आहे गाडीच्या विम्यात, आणि तिथवर कागदाशिवाय पोचता येत नाही. गाडी पेटवली की ब्रेक, टायर, मागचे दिवे, केबिनमधली बिल्टी म्हणजे मालाची पावती, सगळ्याची राख होते. आरटीओचा मोटार वाहन निरीक्षक तपासायला येतो तेव्हा उरलेला असतो सांगाडा. आता सांगा, ब्रेक निकामी होते हे सिद्ध कशावरून करणार?

आपल्या शहरातून ट्रक कमी होणार नाहीत. 44 आणि 53 हे दोन राष्ट्रीय महामार्ग इथेच एकमेकांना छेदतात. वाडीची गोदामं, कळमन्याचा बाजार, बुटीबोरी-हिंगण्याचे कारखाने, उमरेडचा कोळसा, कोराडी-खापरखेड्याची राख, सगळं चाकांवरच फिरतं. म्हणून हे आधीच माहीत असलेलं बरं.

सुरुवात होते कॅज्युअल्टीच्या खिडकीवर. सरकारी मेडिकल असो, मेयो असो की खासगी दवाखाना, डॉक्टर विचारतो, "कसं झालं?" आणलेला माणूस घाईत म्हणतो, "गाडीवरून पडला." तेच एमएलसीच्या, म्हणजे पोलीस केससाठी दवाखाना करतो त्या नोंदीच्या, कागदावर चढतं. पुढे दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील तोच कागद पुढे करतो : बघा, ट्रकचा उल्लेखच नाही, हा स्वतः घसरून पडला. एवढ्या एका वाक्यावर दावे अडकतात. म्हणून तिथे शांतपणे सांगा : "ट्रकने धडक दिली", आणि नंबर माहीत असेल तर नंबरही. उपचारांची सोय म्हणून हेही लक्षात ठेवा : मे 2025 पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे. अपघातापासून 7 दिवसांपर्यंत, माणशी दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार नियुक्त रुग्णालयात रोख न भरता होतो. 112 ला फोन करा आणि रुग्णालयात योजनेचं नाव घेऊन मागा. न मागता फार क्वचित कोणी देतं.

मग एफआयआर. तीत चार गोष्टी बिनचूक हव्यात : वेळ, जागा, गाडीचा नंबर आणि चूक नेमकी काय. "भरधाव वेगाने" हे ठोकळेबाज शब्द सगळीकडेच असतात, त्यांचं वजन कमी. "उलट बाजूने आला", "सिग्नल न देता डावीकडे वळला", "वळताना मागचं चाक दुचाकीवर गेलं" असं लिहिलं तर उपयोग. ट्रेलर असेल तर पुढच्या ओढणाऱ्या गाडीचा आणि मागच्या ट्रॉलीचा, दोन्ही नंबर टिपा, कारण दोघांची नोंदणी वेगळी असते. नंबर मिळाला की एमपरिवहन ॲपवर टाका. विमा, फिटनेस यांची वैधता दोन मिनिटांत दिसते. त्याच दिवशी स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

उभ्या ट्रकवर मागून आदळण्याचे अपघात वेगळेच. रिंग रोडवर, हायवेच्या कडेला, रात्री, दिवे बंद. इथे पोलीस बहुतेक वेळा मेलेल्या दुचाकीस्वारावरच गुन्हा लावून मोकळे होतात, कारण आदळला तो. पण रस्त्यावर धोका होईल अशी गाडी उभी करायला कायद्यानेच मनाई आहे. म्हणून ट्रक हलवण्याआधी त्याच्या पाठीचे फोटो घ्या : दिवे लागलेले होते का, लाल परावर्तक पट्टी होती की चिखलात बुजली होती, त्रिकोणी फलक मांडला होता की आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे दोन दगड आणि झाडाची फांदी. मागचा लोखंडी आडवा दांडा शाबूत होता का? चाकं डांबरावर होती की खाली मातीवर? पंचनाम्यात रस्त्याची रुंदी आणि ट्रकचं कडेपासूनचं अंतर मोजून लिहायला लावा. हे मोजमाप नंतर होत नाही.

नंबरच मिळाला नाही तर लगेच "अज्ञात वाहन" मान्य करू नका. टोलनाक्यावर फास्टॅगची नोंद असते, पेट्रोल पंप आणि ढाब्यांवर कॅमेरे असतात. त्यांचं जुनं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून पोलिसांना लेखी अर्ज त्याच आठवड्यात द्या आणि पोच घ्या. एवढं करूनही गाडी सापडली नाही तर हिट अँड रन योजनेत मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजार मिळतात. अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे, मंजुरी जिल्हाधिकाऱ्याकडून. रक्कम तुटपुंजी आहे. अज्ञात आणि ज्ञात वाहनात कुटुंबाला किती फरक पडतो ते पुढच्या हिशोबात दिसेलच.

एप्रिल 2022 पासून पोलिसांवर एक जबाबदारी आहे आणि ती लोकांना कोणी सांगत नाही. पहिला अपघात अहवाल (फॉर्म एक) 48 तासांत, अंतरिम अहवाल 50 दिवसांत, सविस्तर अहवाल (फॉर्म सात) 90 दिवसांत, आणि तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे. ड्रायव्हर, मालक, विमा कंपनी यांची माहिती त्या-त्या नमुन्यात भरून घेऊन पडताळायची, पीडितालाही प्रत द्यायची. ठाण्यात जाऊन "फॉर्म एक दिला का, फॉर्म सात कधी देणार" असं नाव घेऊन विचारा. नुसतं "साहेब, केसचं काय झालं" याला "तपास सुरू आहे" हेच उत्तर मिळतं.

आता मुदत. एप्रिल 2022 पासूनच भरपाईचा दावा अपघातानंतर 6 महिन्यांच्या आत दाखल करायचा आहे. या तरतुदीला सुप्रीम कोर्टात आव्हान आहे, पण त्या भरवशावर कोणी घरी बसू नये. आधी क्रिमिनल केसचा निकाल लागू दे, मग बघू, असं म्हणणारे सगळ्यात जास्त फसतात. फौजदारी खटला वेगळा. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या 106(1) मध्ये 5 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पळून जाणाऱ्याला 10 वर्षांची तरतूद असलेलं त्याच कलमाचं दुसरं पोटकलम, ज्याच्यावरून जानेवारी 2024 मध्ये ट्रकवाल्यांचा संप होऊन पंपांवर रांगा लागल्या होत्या, ते 1 जुलै 2024 ला संहिता लागू करताना बाजूला ठेवलं गेलं. पण ड्रायव्हर तिकडे निर्दोष सुटला म्हणून तुमचा दावा बुडत नाही. दाव्यात पुरावा इतकाच लागतो की असं घडल्याची शक्यता न घडल्यापेक्षा जास्त आहे.

दावा नागपूरच्या जिल्हा न्यायालयातही लावता येतो, अपघात सिवनीकडे झाला असला तरी. अपघाताची जागा, तुमचं राहण्याचं ठिकाण किंवा समोरच्याचं ठिकाण, यातलं तुम्हाला सोयीचं निवडा. चूक सिद्ध करणं अजिबातच शक्य नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली मृत्यूला 5 लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख ठरलेले मिळतात, चूक कोणाची हे कोणी विचारत नाही. पण ते घेतलं की कलम 166 चं, म्हणजे चूक दाखवून पूर्ण भरपाई मागण्याचं, दार बंद. कमावता माणूस गेला असेल तर घाई करून 164 धरू नका. काहून ते बघा.

समजा, 34 वर्षांचा माणूस, कळमन्यात हमाली, महिना 15,000. घरात बायको, दोन लेकरं, आई. सुप्रीम कोर्टाने 2009 च्या सरला वर्मा आणि 2017 च्या प्रणय सेठी निकालांत हिशोबाची पद्धत बांधून दिली आहे. वय चाळिशीच्या आत आणि पक्की नोकरी नाही म्हणून भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरायचे : 21,000. वर्षाचे 2,52,000. अवलंबून चार जण, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा : 1,89,000. वय 31 ते 35 ला गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला गुणायचा आकडा, 16. झाले 30,24,000. शिवाय बायको, दोन मुलं आणि आई, प्रत्येकाला सहवासाच्या हानीपोटी. मूळ 40,000 होते, दर तीन वर्षांनी 10 टक्के वाढ धरून 2023 नंतर 48,400. चौघांचे 1,93,600. अंत्यसंस्कार आणि मालमत्तेची हानी प्रत्येकी 18,150. एकूण 32,53,900, आणि वर अर्जाच्या तारखेपासून व्याज. आता मालकाच्या माणसाचे ते पन्नास हजार आठवा.

यात सगळी झुंज असते ती 15,000 या आकड्यावर. हमालाकडे, भाजीवाल्याकडे, गवंड्याकडे पगारपत्रक कुठून असणार? मग कंपनी म्हणते किमान वेतन धरा किंवा त्याहून कमी. यासाठी बँकेचं पासबुक, यूपीआयचे व्यवहार, माथाडी मंडळाची नोंद, आडत्याची पावती, मालकाची न्यायालयात साक्ष. नुसता दाखला पुरत नाही, लिहिणाऱ्याला उभं राहावं लागतं. घरकाम करणारी बाई गेली तर "ती काही कमवत नव्हती" हे चालत नाही. गृहिणीच्या कामाला किंमत धरली जाते, आणि भविष्यातली वाढही.

जखमी माणसाच्या केसमध्ये लोक अपंगत्वाच्या टक्क्यावर अडून बसतात. वैद्यकीय मंडळाने पायाचं 40 टक्के अपंगत्व लिहिलं तर नुकसानही 40 टक्केच, असं नाही. पाय गेलेल्या कारकुनाचं आणि पाय गेलेल्या हमालाचं कमाईचं नुकसान सारखं नसतं. डॉक्टरला साक्षीला बोलावून "हा पुन्हा पोतं उचलू शकेल का" हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. आणि बिलं मूळ जपा. मेडिक्लेमला मूळ द्यावी लागली तर शिक्क्याच्या प्रती घ्या.

विमा कंपनी काय काय हरकती घेते? लायसन्स खोटं, परमिट नाही. बहुतेक वेळा कोर्ट "आधी तुम्ही द्या, मग मालकाकडून वसूल करा" असंच सांगतं, म्हणजे अपघातात सापडलेल्या बाहेरच्या माणसाने घाबरायचं कारण नाही. छोट्या हत्तीसारख्या 7,500 किलोच्या आतल्या गाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं, हे नोव्हेंबर 2024 मध्ये घटनापीठाने ठरवलं. हेल्मेट नव्हतं किंवा तिघं बसले होते, एवढ्यावरून आपोआप चूक ठरत नाही. त्याचा अपघाताशी किंवा इजेशी संबंध दाखवावा लागतो. मागे बसलेल्याची तर बहुधा काहीच चूक नसते. दोन गाड्यांच्या चुकीत तो कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. मालकाने गाडी विकली, पण नाव बदललं नाही? आरटीओत ज्याचं नाव, तोच जबाबदार.

एक ठिकाण मात्र खरंच अवघड आहे : मालट्रकमध्ये बसून जाणारी माणसं. वरातीची मंडळी, रेती भरायला जाताना वाटेत उचललेले मजूर. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस असेल तर विमा आहे, गाडीवर कामाला ठेवलेला हमाल असेल तरही, पण फुकटचा प्रवासी असेल तर विमा कंपनी मोकळी सुटू शकते आणि मग उरतो फक्त मालक. तो कर्जात बुडालेला असेल तर भरपाईचा हुकूम नुसता कपाटात. विमाच नसलेल्या गाडीचंही असंच, म्हणून ती सुपूर्तनाम्यावर, म्हणजे हमीपत्र घेऊन मालकाच्या ताब्यात, सुटण्याआधीच वकिलामार्फत हरकत घ्या, मालकाकडून सुरक्षा मागा. गाडी एकदा गेली की मालक फोनही उचलत नाही.

ड्रायव्हर मेला तर? त्याच्यासाठी रास्ता रोको कोणी करत नाही. चूक त्याचीच असेल तर 166 चा दावा त्याच्या घरच्यांना मिळत नाही, पण 1923 पासून चालत आलेला कामगार नुकसानभरपाईचा हक्क आहे, तिथे चूक विचारत नाहीत, आणि ड्रायव्हर-क्लीनरसाठीची ही जबाबदारी ट्रकच्या विम्यात धरलेलीच असते. दोन्ही मार्ग उघडे असतील तर एकच निवडायचा.

दवाखान्यात "केस लावून देतो" म्हणत फिरणाऱ्यांच्या कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना वकील मोफत मिळतो. लोकअदालतीत तडजोड होऊ शकते, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून वरचा हिशोब स्वतः करूनच बसा. न्यायाधिकरणाचा निकाल पटला नाही तर 90 दिवसांत हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात.

आणि दाव्याव्यतिरिक्त, घरात शोधा. स्वतःच्या नावावरची दुचाकी स्वतः चालवत होता तर तिच्या पॉलिसीत मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा होता का? शेतकरी कुटुंबातला असेल तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेचे 2 लाख, तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. आणि बँकेच्या पासबुकात मे-जूनच्या सुमारास कापलेल्या 20 रुपयांची नोंद दिसते का पाहा. तो पंतप्रधान सुरक्षा विमा आहे, अपघाती मृत्यूला 2 लाख. ट्रकवाल्याशी त्याचा काही संबंध नाही, त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही.