शिरोरेषा निमुळती का झाली: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा कॅलिपर (बारीक मापं घ्यायचं साधन) घेऊन फळीपाशी गेलो.

तुमचं म्हणणं असं: सालीकडच्या वेड्यावाकड्या कडा तशाच ठेवून मी सीएनसी राउटरनं (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या कोरण्याच्या मशीननं) जे नाव कोरलं, त्याची शिरोरेषा डावीकडे ठसठशीत आणि उजवीकडे बारीक झाली आहे. फळी आधी आयतात कापली असती तर हे टळलं असतं. आणि बटण दाबून होतं त्याला कोरीवकाम म्हणू नये.

पहिला मुद्दा कबूल. डावीकडे रेघ ४ मिमी भरली, उजवीकडे जेमतेम ३. पण आयताचं औषध या दुखण्याला लागू पडत नाही. मी वापरलं ते ६० अंशांचं व्ही-बिट, म्हणजे ‘V’सारखं टोकदार पातं. ते जितकं खोल जाईल तितकी रेघ रुंद होते. खोलीत १ मिमीचा फरक पडला की रुंदीत सुमारे १.१५ मिमीचा. ९० अंशांचं बिट असतं तर सरळ दुप्पट, २ मिमीचा. मी झेड-शून्य (खोली जिथून मोजायची ती उंची) फक्त डाव्या टोकाला, बिटाखाली कागद सरकवून घेतला. काल नऊ ठिकाणी तसंच मोजलं, तर उजवं टोक ०.८ मिमी खाली निघालं. म्हणजे चूक पृष्ठभागाची, आणि तो न मोजणाऱ्या माझी. करवतीच्या खुणा छान दिसत होत्या म्हणून वरची बाजू मी मशीनवर सपाट केलीच नव्हती. तेवढा मोह नडला. याच फळीचा आयत कापला असता तरी हे ०.८ मिमी त्यात तसेच राहिले असते. चुकीची शिरोरेषा लपतही नाही. सुट्या अक्षरात एवढा फरक खपून जातो, पण लांबलचक सरळ रेघेत डोळा तो लगेच पकडतो.

वाकड्या कडेचा खरा त्रास वेगळाच. कोपरा नसतो, त्यामुळे एक्स-वायचा शून्य (आडवी-उभी मापं जिथून सुरू होतात तो बिंदू) कोपऱ्यात धरता येत नाही. मी फळीवर पेन्सिलीनं मध्यरेषा ओढतो आणि शून्य तिच्यावर, मधोमध घेतो. ही रेषा कडेला समांतर काढायची की लाकडाच्या रेषांना? मी आधी कडेला समांतर काढत असे. अक्षरं कललेली वाटायची. आता लाकडाच्या रेषा धरतो. मग बिटाच्या जागी पेन्सिल लावून (पोकळ नळीत, मागे स्प्रिंग) तोच प्रोग्रॅम कागदावर चालवतो. शब्द कडेबाहेर जाणार असेल तर तो कागदावरच जातो.

दुसरा त्रास धरण्याचा. सालीची कड उतरती असते, क्लॅम्प तिच्यावरून घसरतो. म्हणून मशीनच्या बेडला (फळी ठेवतात त्या पाटाला) आणि फळीच्या तळाला मास्किंग टेप चिकटवून मध्ये सुपरग्लू टाकतो, आणि बाजूनं पाचरी ठोकतो. त्याआधी तळ तपासायचा. पीळ असलेली फळी दोनच कोपऱ्यांवर टेकते आणि डुलते. तिला जोर लावून दाबलंत तर मशीन वरून सपाट करेल खरी, पण सोडल्याबरोबर पीळ परत येतो. फटीत कागदाच्या घड्या सारून फळी आहे त्याच आकारात स्थिर करायची, दाबायची नाही.

बटणाबद्दल फार वाद घालत नाही. गाठ आली की पटाशी धरलेला हात कोन बदलतो, मशीनला गाठ कळत नाही. म्हणून ‘थ’च्या आतल्या छोट्या गोलात लाकडाचा तुकडा अनेकदा उडतो, या फळीतही उडाला आणि मी तो चिकटवला. फोटोत ते तुमच्या नजरेतून सुटलं, याचं थोडं समाधान आहे.

फळी ३२ मिमी जाड आहे. ४ मिमीची रेघ साडेतीन मिमी खोल जाते, म्हणून ४ मिमीचा थर उतरवून पुन्हा कोरणार आहे. कड खाली रुंद होत जात असल्यानं थर उतरला की वरची बाह्यरेषाही बदलेल. तेव्हा आधी ती नव्यानं गिरवून घ्यावी लागेल आणि शब्दाची जागाही बहुतेक सरकेल.