चूक झाली आहे, पण तुम्ही दाखवली तिथे नाही

नमस्कार.

आवाजाच्या फाइली एका प्रकारातून दुसऱ्यात बदलून देण्याच्या आमच्या कामाला तुम्ही रिव्ह्यूत दिलेले दोन तारे आणि त्याखालचा मजकूर काल रात्री वाचला. आज सकाळी तुमचं काम पुन्हा उघडलं, सगळ्या ४६ फाइली हेडफोन लावून ऐकल्या आणि मग हे लिहायला बसलो.

इतर वाचणाऱ्यांसाठी तक्रार थोडक्यात सांगतो. तुम्ही वडिलांच्या आवाजातली रेकॉर्डिंग पाठवली होती: ३१ एमपी३, फोनवर केलेल्या १२ एम४ए आणि ३ व्हिडिओ. फॉर्मवर ‘सर्वोत्तम दर्जा’ निवडला होता. आम्ही ऑडिओ फाइलींच्या वेव्ह, म्हणजे आवाज न दाबता ठेवणाऱ्या फाइली, करून दिल्या आणि व्हिडिओतून आवाज काढून ३२० केबीपीएसच्या (सेकंदाला ३२० किलोबिट) एमपी३ दिल्या. तुमचं म्हणणं असं, की एमपी३च्या फाइली अकरापट फुगल्या, आवाजात तसूभर फरक नाही, आतली शीर्षकं आणि तारखा उडाल्या, आणि इंटरनेटवर फुकट होतं त्या कामाचे आम्ही पैसे लावले. व्हिडिओच्या तीन फाइली मात्र ‘खरोखर सुंदर’ झाल्या, असंही तुम्ही लिहिलंय.

फाइली फुगल्या, हे खरं. आकडाही तुम्ही अचूक दिलाय. वेव्हमध्ये आवाज सीडीसारखा, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने (आवाजाची मोजमापं), प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि दोन चॅनल, असा उघडाच्या उघडा लिहिलेला असतो. त्याचे होतात सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. तुमच्या एमपी३ होत्या १२८च्या. भागाकार केला की अकरा येतात. मिनिटाला जेमतेम एक एमबी लागत होती, तिथे आता दहाच्या वर लागते.

आणि फरक पडला नाही, हेही खरं. तो पडणारच नव्हता. एमपी३ करताना एन्कोडर, म्हणजे आवाज दाबून फाइल लहान करणारं सॉफ्टवेअर, कानाच्या एका मर्यादेचा फायदा घेतो: मोठ्या आवाजाच्या आड, त्याच्या आसपासच्या स्वरांतले बारीक आवाज आपल्याला ऐकू येत नाहीत. असे आवाज तो ढोबळ आकड्यांत उरकतो किंवा सरळ टाकून देतो. १२८ला तर साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं बहुतेक सगळंच जातं. एमपी३वरून केलेली तुमची कुठलीही वेव्ह ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये उघडून स्पेक्ट्रोग्राम (स्वरांचं चित्र) लावा, वरचा भाग कात्रीने सरळ कापल्यासारखा दिसेल. एखाद्या लांबलचक पत्राचा गोषवारा करून मूळ पत्र फाडून टाकलं, तर तो गोषवारा मोठ्या कागदावर मोठ्या अक्षरात उतरवून गाळलेली वाक्यं परत येत नाहीत. एमपी३ वाजवताना फोन जो हिशेब दर वेळी करतो, तोच आम्ही एकदा करून डिस्कवर उतरवून ठेवला, इतकंच. नुकसान काही नाही, फायदाही काही नाही. (ती रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा कापायची, जोडायची, साफ करायची असती तर वेव्हला अर्थ होता. एमपी३त दर वेळी सेव्ह करताना थोडं थोडं गळतं, ते वेव्हमध्ये टळतं. पण तुम्हाला संपादन करायचं नव्हतं.)

मग आम्ही ते केलं का? फॉर्मवर ‘सर्वोत्तम दर्जा’ असा पर्याय होता आणि त्याच्यामागे वेव्ह जोडलेली होती, म्हणून. कामाला बसलेल्या माणसाने फाइल १२८ची आहे हे पाहिलं असणार, तरी फॉर्मवर लिहिलंय तसं करून टाकलं. तुम्ही ‘सर्वोत्तम’ निवडलंत, यात तुमची काही चूक नाही. कोण निवडणार नाही? तो शब्द तिथे ठेवणं ही आमची चूक. कालपर्यंत मलाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

शीर्षकं आणि तारखांचं मला जास्त लागलं. एमपी३मध्ये त्यांच्यासाठी आयडी३ नावाची ठरलेली जागा असते, आणि तुमच्या वडिलांनी की तुम्ही, कोणीतरी ती फार निगुतीने भरली होती. वेव्हमध्ये अशी सगळीकडे चालेल अशी सोय नाही. काही सॉफ्टवेअर लिहितात, पुष्कळ प्लेअर वाचत नाहीत. मोठी फाइल करायचीच होती तर फ्लॅक, म्हणजे काहीही न गाळता दाबलेली फाइल, करायला हवी होती. तिच्यात माहिती टिकते, आवाजाचा एकही आकडा बदलत नाही आणि जागा साधारण निम्मी लागते. हे आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवलं जातं. इथे माझ्याकडे बचाव नाही.

आता त्या तीन ‘सुंदर’ फाइलींकडे येतो, कारण खरी चूक तिथे आहे आणि ती तुमच्या लक्षात आलेली नाही. गप्प बसलो असतो तर कळलीही नसती. वेव्हच्या बाबतीत आम्ही तुमची जागा वाया घालवली. या तीन फाइलींत मात्र आम्ही आवाज खरोखर कमी केलाय.

तुमच्या फोनच्या व्हिडिओत आवाज एएसी या पद्धतीने दाबून ठेवलेला होता. तो पट्टा जसाच्या तसा उचलून एम४ए फाइलीत ठेवता येतो. काही सेकंदांचं काम, एक बिटही हलत नाही. आमच्या ठरलेल्या पद्धतीने तसं न करता तो आधी उलगडला, पातळी वाढवली आणि पुन्हा एमपी३त दाबला. म्हणजे गोषवाऱ्याचा गोषवारा. ३२० हा आकडा मोठा आहे, पण मूळ रेकॉर्डिंग त्याच्या निम्म्याहून कमी दराचं होतं. जे आत नाही त्यासाठी जागा राखून ठेवली आणि वर दुसऱ्यांदा थोडं गाळलं.

मग त्या फाइली तुम्हाला चांगल्या का वाटल्या? कारण आम्ही त्या तीन डेसिबलने मोठ्या केल्या होत्या. एकच आवाज किंचित मोठा ऐकवला की माणसाला तो जास्त स्वच्छ, जास्त भरीव वाटतो. कान सगळ्यांचाच असा फसतो. माझाही सकाळी फसला, पातळ्या सारख्या करून पुन्हा ऐकल्यावर खरं काय ते कळलं. तिसऱ्या फाइलीत साधारण मध्यावर तुमचे वडील खळखळून हसतात. तिथे पातळी वाढवल्यामुळे आवाजाची शिखरं छाटली गेली आहेत आणि हसण्यात बारीक चरचर आली आहे. मूळ व्हिडिओत ती नाही. तो तुकडा मी चार वेळा ऐकला, आणि हे उत्तर खासगी निरोपात न देता इथे लिहायचं ठरवलं ते त्यानंतर.

फुकट होण्याबद्दल. बरोबर आहे. आम्हीही एफएफएमपेग हे सॉफ्टवेअर वापरतो, जे २००० सालापासून आहे, कोणालाही फुकट मिळतं आणि तुमच्या संगणकावरही तेच काम करेल. आम्ही पैसे घेतो ते बटण दाबण्याचे नाहीत, कुठलं बटण दाबायचं नाही हे सांगण्याचे. तुमच्या वेळी नेमकं तेच सांगितलं नाही, तेव्हा ४६ही फाइलींचे पैसे परत करतोय. एक मात्र सांगतो: फुकट वेबसाइटवर घरातली खासगी रेकॉर्डिंग चढवण्यापेक्षा संगणकावर चालणारं सॉफ्टवेअर बरं. फाइल दुसऱ्याच्या सर्व्हरवर गेली की तिचं पुढे काय होतं, हे आपल्या हातात राहत नाही.

शेवटी तुम्ही वैतागून विचारलं आहे, ‘मग ठेवायचं तरी कशात?’ आहे त्यात. एमपी३ एमपी३तच राहू द्या, एम४ए एम४एतच. १२८ ऐकून दचकू नका. बोलण्यातला कामाचा बहुतेक भाग ८ किलोहर्ट्झच्या खालीच असतो, त्यामुळे एका माणसाच्या आवाजाला तो दर पुरतो. संगीत असतं तर मी हळहळलो असतो. एमपी३ जुनी झाली, उद्या वाजणार नाही, ही भीतीही सोडा. तिचं मानक १९९३ सालचं आहे, पेटंटचा परवाना कार्यक्रम २०१७ सालीच बंद झाला, आणि ती न वाजवणारं यंत्र शोधावं लागेल.

गाडीतल्या जुन्या प्लेअरवर एम४ए वाजत नाही असं तुम्ही लिहिलंय. त्या बारा फाइलींच्या फक्त गाडीपुरत्या एमपी३ प्रती करून देतो, मोनो (एकाच चॅनलच्या), १२८च्या, शीर्षकांसकट. त्या हरवल्या तरी बिघडत नाही, कारण मूळ बाजूला असेल. पुढेही कधी तिसऱ्या कशासाठी प्रत लागली तर ती मूळ एम४एवरून काढा, या गाडीतल्या प्रतीवरून नको. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला ओपस हा फाइलीचा आणखी एक प्रकार फार कमी जागेत बोलणं चांगलं सांभाळतो, पण जुन्या यंत्रांना तो ओळखता येत नाही, म्हणून गाडीसाठी सुचवत नाही. आणि फाइलीच्या नावापुढचं ‘.एम४ए’ खोडून ‘.एमपी३’ लिहिल्याने काही बदलत नाही. दर महिन्याला कोणी ना कोणी तसं करून फाइल ‘बिघडली’ म्हणून पाठवतं, म्हणून हे लिहून ठेवलं.

वडिलांच्या दोन कॅसेट आता दुसरीकडे देणार असं तुम्ही म्हटलंय. जरूर द्या. पण तिथे वेव्ह किंवा फ्लॅक मागा, इथे ते शब्द सार्थ आहेत, कारण कॅसेटमधून आवाज पहिल्यांदाच आकड्यांत येणार आहे. जगभरच्या ध्वनिसंग्रहांची संघटना, आयएएसए, अशा कामाला किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट सांगते. तासाभराची स्टिरिओ वेव्ह एक जीबीच्या किंचित वर जाईल, फ्लॅक बरीच कमी. फ्लॅकमध्ये मूळ आवाजाची ठशासारखी एक खूण साठवलेली असते, त्यामुळे दहा वर्षांनी फाइल शाबूत आहे का हे तपासता येतं. त्यांना दोन गोष्टी आधी विचारा. प्लेअरच्या हेडचा, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाचा, कोन तुमच्या कॅसेटप्रमाणे जुळवतात का? तो चुकला तर वरचे स्वर बोथट होतात आणि नंतर कुठलंही सॉफ्टवेअर ते नीट परत आणत नाही. आणि खरखर काढण्याआधीची कच्ची फाइल देतात का? साफ केलेली खुशाल घ्या, पण कच्चीसुद्धा घ्या. खरखरीबरोबर कधी कधी श्वासही पुसला जातो.

फॉर्मवरून ‘सर्वोत्तम दर्जा’ आज काढला. त्याच्या जागी दोन प्रश्न टाकलेत: रेकॉर्डिंग मुळात कशावर झालं होतं, आणि कशावर ऐकणार आहात. काही करण्याची गरज नसेल तर तसं कळवून पैसे न घेता फाइली परत पाठवायच्या, असं सगळ्यांना सांगितलं आहे.

एक शेवटचं, आणि हे जरा घाईचं आहे. रिव्ह्यूत एके ठिकाणी तुम्ही लिहिलंय की नव्या फाइली आल्यावर जागेसाठी जुन्या काढून टाकल्या. आता जागा परत मिळवायला त्या वेव्हच्या पुन्हा एमपी३ करू नका. आमच्या सर्व्हरवर तुमच्या ३१ एमपी३, १२ एम४ए आणि ३ व्हिडिओ आले तसेच आहेत, शीर्षकं आणि तारखांसकट. व्हिडिओतला आवाज या वेळी न उलगडता काढलाय, तोही सोबत ठेवलाय. लिंक तुमच्या ईमेलवर गेली आहे. उतरवून घ्या, तिसऱ्या फाइलीतलं ते हसू ऐकून पाहा, सगळं नीट असेल तर वेव्ह खोडा. तुमचा निरोप येईपर्यंत इकडची प्रत मी काढत नाही.